पिवळीने निवडलेले शेजारी

बाळांनो, एका टेबलावर एक जंगल होतं. हसू नका, होतं! दोन फूट लांब, एक फूट रुंद, चहूबाजूंनी काच आणि आत पाणी. त्यात हिरव्या वेली होत्या, एक वाकडं लाकूड होतं आणि कोपऱ्यात नारळाची उपडी करवंटी होती. त्या करवंटीत एक पिवळी मासोळी आपल्या नवऱ्यासोबत राहत असे. जातीने ती सिक्लिड, त्यातही बुटक्यांपैकी. सगळी मिळून बोटाच्या दोन पेरांएवढी. पण काळजी म्हणाल, तर देवमाशाला पुरून उरेल एवढी!

तिला कारणही तसंच होतं. मागच्या खेपेला करवंटीच्या भिंतीला चिकटवलेली तिची अंडी एका मोठ्या तोंडाच्या पाहुण्याने गिळून टाकली होती. त्या काचेच्या पेटीच्या मालकीण कुंदाताईंनी त्या पाहुण्याला दुकानात परत धाडलं, पण पिवळीच्या जिवाला लागलेला घोर काही सुटला नाही. करवंटीत जा, बाहेर ये, रिकाम्या भिंतीकडे बघ, पुन्हा बाहेर ये. एका जागी म्हणून स्वस्थता नाही. आता तर पोटात नवी अंडी भरली होती आणि नेमक्या त्याच वेळी कुंदाताईंना पेटी ओकीबोकी वाटायला लागली. त्या नवे मासे आणणार होत्या.

त्या पेटीचा एक रिवाज होता. नवा मासा पिशवीतून यायचा, आणि आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं कोमट होईपर्यंत ती पिशवी अर्धा तास तशीच तरंगत ठेवली जायची. तेवढ्या वेळात पाहुण्याची तपासणी व्हायची. पिवळीने पिशवीला धडका मारल्या, की कुंदाताई काय ते ओळखायच्या आणि पिशवी परत न्यायच्या. म्हणजे बघा, शेजारी निवडायचे पिवळीनेच.

पहिल्या पिशवीत एक मिशाळ मासा होता. "तोंड उघडून दाखवा," पिवळी म्हणाली. तिची परीक्षा एवढीच! मिशाळाने मुकाट्याने तोंड उघडलं. ते इतकं इवलंसं, की तांदळाचा दाणाही आत जाऊ नये. "मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, बाई," तो म्हणाला. "खाली मान घालायची आणि वाळू हुंगत फिरायचं, एवढंच माझं काम." पिवळीला तो फार आवडला.

दुसऱ्या पिशवीत थेट तिच्याच जातीचा एक निळा नर होता. त्याला पाहताच पिवळीच्या नवऱ्याची शेपटी नाचायला लागली. "अगं, हा तर आपला गाववाला! दुकानात आपण सगळे एकाच टाकीत होतो."

"अहो, पण जमेल का? पेटी केवढीशी आपली!"

"न जमायला काय झालं? तिथे चाळीस जण होतो, कुणी कुणाला चावलं का? आणि आपल्याएवढाच तर आहे तो. त्याला जागा लागून लागून किती लागणार?"

निळा पिशवीतूनच म्हणाला, "वहिनी, काळजी सोडा. अगदी घरच्यासारखा राहीन." पिवळीला कुठेतरी खटकलं. पण गाववाल्याला दारातून परत कसं लावायचं? तिने धडक मारली नाही.

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पिवळीने अंडी घातली आणि तिला जिकडेतिकडे चोर दिसू लागले. करवंटीपासून वाकड्या लाकडापर्यंतची सगळी वाळू तिला एकटीला हवी होती. आणि नेमकी तीच वाळू निळ्याच्याही मनात भरली होती. "ही करवंटी माझी!" तो कल्ले फुगवून म्हणाला.

"अरे, तू गाववाला ना?" पिवळीचा नवरा ओरडला.

"दुकानात घर कुणाला होतं? म्हणून भांडण नव्हतं. इथे घर आहे!" निळा म्हणाला, आणि दोघे एकमेकांचे जबडे धरून गरगर फिरू लागले. बाळांनो, मोठ्या नदीत हरलेला मासा पळून तरी जातो. इथे पळणार कुठे? चार वळसे घातले की पुन्हा तीच काच! नवऱ्याच्या परांच्या चिंध्या होताना पाहून पिवळीला राहवेना. अंडी सोडून ती मदतीला धावली.

परत आली तेव्हा करवंटीत मिशाळ होता आणि भिंत स्वच्छ होती.

"मेल्या, काय केलंस रे हे!"

"कुठे काय? नेहमीसारखा हुंगत चाललो होतो. वाटेत मऊ दाणे लागले, एकेक करून खाल्ले." मग तिच्याकडे पाहून तो चाचरला. "तुमचे होते का?"

त्याच्या मनात पाप नव्हतं, हे तिला दिसत होतं आणि म्हणूनच तिला जास्त रडू येत होतं. तोंड लहान होतं, अगदी खरं. पण ते दिवसभर तिच्याच दारात चरणार होतं, हे तिने विचारलंच नव्हतं.

फाटलेले पर आणि अंडी नाहीशी झालेली भिंत पाहून कुंदाताईंनी निळ्याला आणि मिशाळाला, दोघांनाही दुकानात परत नेलं. "चुकलंच माझं," नवरा कोपऱ्यातून पुटपुटला. महिन्याभरात त्याचे पर भरून आले, पिवळीने पुन्हा अंडी घातली, आणि दुसऱ्याच दिवशी पाण्यावर पुन्हा पिशवी तरंगली! पिवळीचा जीव अर्धा करवंटीत, अर्धा वर. अंडी नवऱ्यावर सोपवून ती तीरासारखी वर गेली.

पिशवीत सहा मासे होते. छाती कोयत्याच्या पात्यासारखी आणि तोंड, अरे बापरे, आकाशाकडे उघडलेलं, चांगलं रुंद. पिवळीने धडक मारायला अंग आवळलं. मग ती थांबली.

"जेवता कुठे तुम्ही?"

"इथेच. पाण्यावर पडेल ते खातो," त्यांतला एक म्हणाला.

"आणि झोपता?"

"इथेच, तरंगत्या पानांखाली."

"आणि खाली कधी येता?"

त्या माशाने खाली पाहिलं. करवंटी, वाळू, लाकूड, पहाऱ्यावरचा नवरा, तिची अंडी, पिवळीचं सगळं जग तिथे होतं.

"खाली?" तो गोंधळून म्हणाला. "खाली काय आहे?"

क्षणभर पिवळीला रागच आला. आणि मग तिचा जीव असा भांड्यात पडला, की पुढचा प्रश्न न विचारताच ती वळली आणि आपल्या अंड्यांकडे पळाली.

तात्पर्य : शेजारी निवडताना तो केवढा आहे आणि कुठला आहे, एवढेच विचारून भागत नाही, आपल्याला जे हवे तेच त्यालाही हवे आहे का, हे आधी विचारावे.