साठावी तारीख

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. आकाश निरभ्र. सकाळी गार वारा, अकरानंतर ऊन लागू लागलं.

"म्हणजे हे सगळं मेंदूचंच काम आहे, हे तुम्हाला मान्य आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मान्य आहे," निरंजनबुवा म्हणाले.

डॉक्टर वैदेही टिळेकर शहरातून वाद घालायच्या तयारीनं आल्या होत्या. त्या जरा हिरमुसल्या.

बुवा आमच्या काटेपूरच्या मठाचे प्रमुख. वय अठ्ठ्याहत्तर. नऊ वर्षांचे असताना झाडावरून डोक्यावर पडले. तेव्हापासूनचा प्रत्येक दिवस त्यांच्या ध्यानात आहे. कुठलीही तारीख सांगा, ते वार सांगतात, आभाळ कसं होतं ते सांगतात, मठात कोण आलं होतं तेही सांगतात.

"बाई, ही देवाची देणगी आहे," विश्राम म्हणाला. विश्राम बुवांचा शिष्य. अठरा वर्षं मठाचं सगळं तोच पाहतो.

"देणगी कसली रे. दुसऱ्याच्या चिंचा चोरायला चढलो होतो."

विश्रामची मुलगी रेणुका हसली. ती चहा घेऊन आली होती आणि गंमत बघायला थांबली होती.

"डाव्या बाजूला मार बसला असणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक बाजू दुबळी झाली की कधीकधी दुसरी मोकाट सुटते. अशी माणसं जगात आहेत. यात मेंदूबाहेर शोधण्यासारखं काही नाही."

"नका शोधू," बुवा म्हणाले. "चहा घ्या."

पडताळ्यासाठी माझ्या वह्या होत्या. मी मठासमोर राहतो. १९९६ पासून रोज तारीख, हवा आणि मठातली ये-जा लिहून ठेवतो. डॉक्टरबाई कुठलंही पान उघडायच्या, तारीख सांगायच्या, बुवांचं उत्तर ऐकायच्या आणि मग पान मोठ्यानं वाचून ताडून बघायच्या.

"चोवीस मे दोन हजार एक."

"गुरुवार. वळवाचा पाऊस झाला, स्वयंपाकघराचा पत्रा उडाला. कासाराची म्हातारी बांगड्यांचा पेटारा घेऊन आत येऊन बसली होती."

पानावर तेच होतं. पेटाऱ्याचं तेवढं मी लिहिलं नव्हतं.

एकोणसाठ तारखा झाल्या. एकही चूक नाही.

"आता शेवटची." डॉक्टरबाईंनी ढिगातून एक वही ओढली. "सतरा जानेवारी दोन हजार सहा."

ती वही मी द्यायला नको होती, हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी विश्राम दारू पिऊन मठाच्या पायरीवर पडला होता. आई घरी न्यायला आली, तर त्यानं तिला लाथ मारली. ती चार पायऱ्या खाली गेली. बुवांनी त्याला धरून आत नेलं. त्यानंतर त्यानं दारूला हात लावलेला नाही. रेणुका तेव्हा दोन वर्षांची होती. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. आजी गेल्यापासून तिच्या फोटोला रोज फूल वाहते ती.

मी सगळं लिहिलं होतं.

विश्रामनं कप हातात धरला होता. पीत नव्हता.

बुवांनी डोळे मिटले...

"आठवत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"आठवत नाही. चुकलो म्हणून लिहा."

"असं कसं? वार तरी?"

"नाही."

डॉक्टरबाई पुढे सरकून बसल्या. चुकलेली एक तारीख त्यांना बाकीच्या एकोणसाठांहून मोलाची वाटली असावी.

"थांबा, मी वाचते. ऐकून काही आठवतंय का बघा." त्यांनी वही उजेडात धरली. "मंगळवार. दहापर्यंत दाट धुकं. विश्राम..."

त्या थांबल्या. नजर पानावरून खाली खाली जात राहिली...

"बाबांचं काय लिहिलंय?" रेणुकानं विचारलं.

डॉक्टरबाईंनी विश्रामकडे पाहिलं. मग रेणुकाकडे. मग बुवांकडे. बुवा बशीतला चहा फुंकत होते.

"विश्राम यांनी अंगण झाडलं," त्या म्हणाल्या.

"एवढंच? ते तर रोजच झाडतात." रेणुकानं कप गोळा केले. बापाच्या हातातला भरलेला कप बघून म्हणाली, "गार झाला की हो." आणि तोही घेऊन गेली.



"बुवा," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला आठवतंय."

"चुकलो म्हणून लिहा."

"ते खोटं होईल."

"आत्ता वाचलंत ना, तेवढंच होईल."

डॉक्टरबाईंनी वही मिटली. ती माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"गुरुवारी शहरात तुमच्या मेंदूचा एमआरआय काढायचा आहे," त्या म्हणाल्या. "याल ना?"

"येतो की. जे आहे ते मेंदूतच आहे, ते तर आपलं ठरलंय." बुवांनी बशी खाली ठेवली. "एवढंच सांगा, बाई... त्या यंत्रात आधी कोण झोपायचं? मी, की तुम्ही?"

निघण्यापूर्वी डॉक्टरबाईंनी तक्ता पूर्ण केला. तारखा साठ. बरोबर एकोणसाठ. चूक एक.