द्वारकेचं वळण

आंबेखिंडीच्या या तिसऱ्या वळणावर तुमची गाडी थांबली, ड्रायव्हरने दार उघडलं, पण चढलं कुणीच नाही. रस्त्यावर तर चिटपाखरू नव्हतं. हसू नका पाहुणे, ऐका.

मोटारी नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. वरच्या गावात म्हादबा लोहार राहायचा. घाटात धुकं असं, की पुढची मोटार थांबली हे मागच्याला आदळल्यावरच कळे. म्हादबाने म्हणे ब्रेकला तार जोडली आणि मोटारीच्या अंगाला पत्र्याचा तांबडा हात बसवला. ब्रेक दाबला की हात आपोआप वर. मागच्याने समजायचं, थांब. घाटातल्या एकूण एक ड्रायव्हरला त्याने हे पढवलं. पायी चालणाऱ्यांना सांगायचं मात्र राहून गेलं. त्यांचा काय संबंध, असंच त्यालाही वाटलं असणार.

त्याची एकुलती लेक द्वारका या वळणाखालच्या वाडीत दिली होती. दोन वर्षं सासरच्यांनी तिला माहेरी धाडलं नव्हतं. त्या नागपंचमीला म्हादबा स्वतः मुराळी होऊन तिला आणायला निघाला, हात बसवलेल्या पहिल्याच मोटारीतून. लेकीला हात दाखवायचा होता ना! आणि ती सकाळपासून बोचकं घेऊन इथे उभी.

तेव्हाची रीत अशी, की मोटारीतून हात बाहेर आला म्हणजे 'या, बसा.' मोटार वळणावर आली, ब्रेक लागला, हात वर झाला. द्वारकेला वाटलं, बापच बोलावतोय.

"आले, आबा!" म्हणत ती धावली. ओल्या खडीवर मोटार अजून घसरतच होती.

मागची मोटार हात बघून जागच्या जागी थांबली. हात खरा ठरला होता. म्हादबा लेकीचं डोकं मांडीवर घेऊन एकच बोलत राहिला, असं सांगतात, "बाय माझे, त्यो हात तुला नव्हता गं."

त्याने पुन्हा भट्टी पेटवली नाही. मरेपर्यंत याच वळणावर उभा राहून मोटार पुरती थांबेपर्यंत तो पायी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचा. तो गेल्यावर ते काम ड्रायव्हरांनी आपल्याकडे घेतलं. मीही तीस वर्षं केलं.

आता गाड्यांच्या मागे तांबडे दिवे आले, पत्र्याचा हात बघितलेलं कुणी उरलं नाही. पण आजही इथे ब्रेक लावताना ड्रायव्हर मोकळ्या रस्त्याला ओरडून सांगतो, "द्वारकाताय, थांब! हात तुला न्हाई." मग गाडी पुरती उभी राहिली, की दार उघडतो आणि हळूच म्हणतो, "आता ये. बस."