कण्यांतला खडा

राजे हत्तीवरून मिरवत आणि हत्तीमागची लीद मात्र आपलीच माणसं उचलत, त्या फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. राज्याचं नाव विचारू नका. असली राज्यं कुठंही असतात.

त्या राज्यात एक राणी होती. एका वर्षी पीक बुडालं, तसं तिनं महालाच्या मागच्या दारी अन्नछत्र उघडलं. रोज दुपारी मोठ्या हंड्यात ज्वारीच्या कण्या शिजत. दोनशे माणसं पंगतीला बसत आणि राणी पदर खोचून स्वतः वाढी.

धान्य द्यायचं काम कोठावळ्याचं. कोठाराची किल्ली त्याच्या कमरेला. पोट मोठं, जीभ गोड. पहिल्याच दिवशी त्यानं राणीला बजावलं होतं, "राणीसाहेब, दानाचं अन्न म्हणजे नैवेद्य. आधी चाखायचं नसतं. चाखलं की उष्टं झालं, पुण्य गेलं!"

राणी भाविक. तिनं ऐकलं. दोन महिने वाढत राहिली, पण एक कण जिभेवर ठेवला नाही. इथंच ती चुकली. साध्वी असली म्हणून काय झालं, चुकली तर चुकली म्हणायचं.

पंगतीत जिवाक्का नावाची म्हातारी बसे. तोंडात एक दात नाही, पण बोलणं असं की समोरच्याचे दात पडावेत. एक दिवस राणीनं मायेनं विचारलं, "आजी, पोट भरलं ना?"

"भरलं की राणीबाई," जिवाक्का म्हणाली. "आता एक गवंडी तेवढा पाठवा. आतल्या आत भिंत बांधून होईल."

"म्हणजे?"

"म्हणजे खडे! मला दात नाहीत, मी नुसती गिळते, म्हणून सुटले. दात आहेत त्यांना विचारा."

वाढणाऱ्याच्या तोंडावर कोण बोलणार? शेजारच्या कुंभारानं मात्र हळूच गाल चोळला.

राणीनं तिथंच भुईवर बसकण मारली आणि एक पान पुढ्यात ओढलं. दासीला म्हणाली, "वाढ गं." पहिल्याच घासाला कचकन खडा लागला. दुसऱ्याला कुबट वास आला. तरी ती खात राहिली.

ते बघून कोठावळा धावत राजाकडे गेला. "महाराज, घात झाला! राणीसाहेब दानाचं अन्न उष्टं करतात. भिकाऱ्यांच्या पंगतीत मांडी घालून बसल्यात. राज्याची लाज गेली!"

राजा मनानं वाईट नव्हता, पण कानाचा हलका. तरातरा मागच्या दारी आला आणि ओरडला, "बंद करा हे छत्र! उतरवा तो हंडा!"

हंडा उतरला तर उद्यापासून दोनशे माणसं उपाशी. सगळ्यांचे हात पानावरच थांबले.

राणी जागची हलली नाही. "महाराज, तुमच्या ताटातलं आधी तिघं चाखतात. कशाला?"

"कुणी विष घालू नये म्हणून."

"मग ते उष्टं होत नाही?"

"वेगळं काढून चाखतात."

"मीही माझ्या पानातच खातेय. तुमच्यासाठी चाखणारे तिघं, यांच्यासाठी एकही नाही. म्हणून मी बसले. तुम्ही एक घास खा, मग खुशाल हंडा उतरवा."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? राजानं मोठ्या ऐटीत घास घेतला. कचकन आवाज झाला. राजानं तळहातावर थुंकून पाहिलं. खडा होता. शेजारी दाढेचा तुकडा.

"या, महाराज," जिवाक्का म्हणाली, "आता आमच्यातले झालात!"

आधी कुंभार हसला, मग पंगत हसली, शेवटी गाल धरून राजाही हसला. कोठावळ्याकडे वळला तेव्हा मात्र हसत नव्हता. "कोठारात मोत्यासारखी ज्वारी होती. कुठं गेली?"

"महाराज... गरिबांना काय, दगडही पचतात," कोठावळा पुटपुटला.

झडती झाली. ज्वारी त्याच्याच घरच्या कणग्यांत निघाली. छत्राला जात होता तो खळ्याचा केर.

"टाका याला तुरुंगात!" राजा गरजला.

"नको," राणी म्हणाली. "तिथं आयतं खाईल. याला इथं बसवा. रोज पहिलं पान याचं. याचं पान चाटूनपुसून झाल्याशिवाय पंगत वाढायची नाही."

दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? झुंजूमुंजू झालं तोवर कोठावळा स्वतः सूप घेऊन ज्वारी पाखडत बसला होता! कणग्या गुपचूप परत आल्या. आठ दिवसांत कण्या लोण्यासारख्या मऊ झाल्या. महिन्याभरात तर "जरा लसणाची फोडणी द्या हो," असं तोच आचाऱ्याला सांगू लागला. जिवाक्का म्हणाली, "फोडणीतला लसूण चावता येईना, दात नसल्याचं दुःख आज झालं बघा!"

पुढं लोक राणीला संत म्हणू लागले, लांबलांबून पाया पडायला येऊ लागले. ती म्हणे, "पाया नंतर पडा. आधी ते सूप घ्या आणि खडे वेचा." आणि मरेपर्यंत ती रोज कोठावळ्याशेजारी बसून त्याच हंड्यातलं जेवली.

म्हणून लहानथोरांनो, गाठ मारून ठेवा: जे आपल्या घशाखाली उतरत नाही, ते दुसऱ्याच्या पानात वाढून त्याला दान म्हणू नये.