उजव्या अंगाचं काळीज

“पण सर, हृदय उजवीकडं आहे म्हटल्यावर बाकीचं सगळं आरशातल्यासारखं उलटं असणारच ना?”

उपळेकर सर चष्मा पुसत राहिले.

वैजयंती उभीच होती. अकरा वर्षांनी ती एडिंबराहून परतली होती. कृष्णाकाठच्या या छोट्या इस्पितळात लहान मुलांची हृदयं तपासायची, हे ठरवूनच. तिला हृदय शिकवणाऱ्या सरांच्या खोलीत फॉर्मलिनचा तोच वास होता. फळीवर त्याच बरण्या, चिठ्ठ्यांवर सरांचं तेच तिरकं अक्षर. परदेशात कितीदा तरी तिला या खोलीची स्वप्नं पडली होती.

दाराबाहेरच्या बाकावर चार वर्षांची अंबिका आईच्या मांडीवर बसली होती. ओठ जांभळट. गुरुवारी पुण्यात तिचं ऑपरेशन. हृदयाच्या कुठल्या कप्प्याला हात लावायचा, हे सर्जन वैजयंतीच्या अहवालावरून ठरवणार होते, आणि अहवाल सकाळीच गेला होता.

आईनं आत डोकावून विचारलं, “डॉक्टरीणबाई, पोरीचं काळीज खरंच उजव्या अंगाला हाय?”

“हो, मावशी. घाबरू नका.”

“घाबरत न्हाई ओ. सासूला कळलं की म्हणंल, माहेरचा गुण!”

सर हसले. मग उठले, फळीवरची एक बरणी उतरवली आणि तिच्यातलं मुठीएवढं हृदय ट्रेमध्ये ठेवलं. तेही उजवीकडं कललेलं.

“हा डाव्या बाजूचा खालचा कप्पा. नाव सांग.”

“उजवा,” ती झटकन म्हणाली. “आरशात बाजू बदलते.”

“डोळे मीट. बोट घाल.”

पूर्वीही सर असंच करायला लावायचे. उजव्या कप्प्याची भिंत आतून खडबडीत, दोरखंडासारख्या जाड वळ्यांची. डाव्याची बारीक विणीची, जवळजवळ गुळगुळीत. कप्पा छातीत कुठंही जाऊन बसो, भिंत बदलत नाही, आणि नाव भिंतीवरूनच ठरतं. साऱ्या वर्गात वैजयंतीचं बोट कधी चुकलं नव्हतं. केवढा तोरा होता तिला त्याचा!

तिनं हातमोजे चढवले. डोळे मिटले. बोट आत सरकवलं...

आणि थांबली.

“विलायतेच्या थंडीत बोटं बधिर झाली काय गं?”

“नाही, सर... गुळगुळीत लागतंय.” तिनं डोळे उघडले. “हा डावाच आहे.”

“मग तुझा आरसा कुठं गेला?”

तिनं बोट बाहेर काढलं.

“आणि त्या पोरीच्या कप्प्यांच्या भिंती? त्या पाहिल्यास?”

वैजयंतीनं त्या पाहिल्या नव्हत्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदय उजवीकडं दिसलं, तेव्हाच तिनं सगळं ओळखून टाकलं होतं. पुढचा अहवाल न बघताच, नुसता हातानं लिहिला होता.

हातमोजे काढून तिनं पुण्याला फोन लावला.

“सर्जनना द्या... मी पाठवलेला अहवाल बाजूला ठेवा. हो, माझाच. कप्प्यांची नावं मी पाहून नाही, गृहीत धरून लिहिलीत. पुन्हा तपासल्याशिवाय पोरीला टेबलावर घेऊ नका.”

दारातल्या आईचं हसू मावळलं होतं.

फोन ठेवताना वैजयंतीचे कान तापले होते. “सर, सुरुवात कुठून करू?”

“पोटापासून. यकृत कुठल्या बाजूला आहे, ते आधी चाचपून बघ. मग एकेक कप्पा. प्रत्येकाला वेगळं विचारायचं.”

आईनं अंबिकेला आत आणून टेबलावर निजवलं. पोरीनं सदरा घट्ट धरून ठेवला.

वैजयंतीनं हात पुढं केला. सरांनी तो वाटेतच धरला, आपल्या दोन्ही तळहातांमध्ये.

“काय झालं, सर?”

“गार आहे. आधी चोळून घे.”