अंबाडीच्या दोराचं दुसरं टोक

“मग माझ्या हेतूत खोट कुठं आहे, बाबा? तेवढं सांगा.”

भिवगीर बाबा मठाच्या ओट्यावर अंबाडीचा वाख, सालीचे तंतू, निवडत बसले होते. विहिरीचा दोर झिजला होता, नवा वळायचा होता. विचारणारा मुकुंदा समोर उभा होता.

मुकुंदा लहानपणापासून बाबांकडं येणारा. पुढं सहा वर्षं पाठशाळेत तर्क शिकून आला, आणि तेव्हापासून गावातली माणसं त्याच्याशी बोलायला जरा कचरायची. आज तो तीन कोस चालत आला होता, पण पाणीसुद्धा मागितलं नाही.

“आधी झालं काय ते सांग,” बाबा म्हणाले.

“आईनं कुणाकडं राहावं, यावर थोरल्या रंगादादाशी बोलणं झालं. चार माणसं बसली होती. मी रीतसर मांडलं. प्रतिज्ञा, म्हणजे जे सिद्ध करायचं ते: आईनं माझ्याकडं राहावं. हेतू, म्हणजे त्याचं कारण: दादाचं घर ओलं, आईला दमा. मग दृष्टांत, सगळ्यांच्या माहितीतला दाखला: गोपाळकाकू तसल्याच ओलीत दोन पावसाळ्यांत गेल्या.”

“आणि रंगनाथ?”

“गप्प झाला. समोरचा निरुत्तर झाला की शास्त्रात त्याला निग्रहस्थान म्हणतात. हरला तो.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला. गाठोडं ठेवलं न् गेला. बोलला नाही.”

“जिंकलास की रे.”

मुकुंदाची मान खाली गेली.

“चार दिवस झाले, आई धड जेवत नाही. भिंतीकडं तोंड करून निजते. विचारलं तर म्हणते, तुझंच बरोबर आहे रे…”

बाबांनी वाखाची लांब पेड उचलली. एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं आपण धरून समोर जाऊन बसले.

“धर. पीळ घाल.”

मुकुंदानं बाबांच्या हाताकडं बघितलं. ते ज्या बाजूला फिरवत होते, त्याच बाजूला हा फिरवायला लागला. पेड नुसती गरगरत राहिली.

“उलटा, पंडित. माझ्या उलटा.”

त्यानं उलटा पीळ घातला. वाख हळूहळू ताठ झाला, काठीसारखा.

“मागं तू मला एक शब्द सांगितला होतास,” बाबा म्हणाले. “आपलं बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. त्याला पटेल असं.”

“पूर्वपक्ष.”

“रंगनाथचं काय म्हणणं होतं?”

“त्याला काही मांडताच आलं नाही.”

“तू विचारलंस?”

“मी कशाला विचारू, बाबा? त्याची बाजू त्यानं मांडायची!”

बाबांनी आपलं टोक सोडून दिलं.

पेड सापासारखी उसळली, मुकुंदाच्या मनगटावर आदळली आणि जागच्या जागी गुंतून बसली.

“अहो, सोडलंत का?”

“तू जिंकलास.”

मुकुंदा तो गुंता सोडवायला लागला. इथली अढी सोडवावी, तर तिथं दुसरी पडायची. बाबा बघत बसले. त्यांना कसलीच घाई नव्हती.

बऱ्याच वेळानं मुकुंदाचे हात थांबले.

“दादा एकदाच बोलायला गेला होता. ‘आई पहाटे उठली की…’ एवढंच म्हणाला. तेवढ्यात मी दृष्टांत दिला.”

“पहाटे उठली की काय?”

मुकुंदा पुन्हा तीच अढी सोडवायला लागला.

“काय करते आई पहाटे?”

“माहीत नाही, बाबा.”

बाबा उठले. कोपऱ्यातला कोरा वाख त्यांनी मुकुंदाच्या उपरण्यात टाकला, आणि झिजलेला दोर सावकाश पोहऱ्याला बांधून त्याच्यासाठी पाणी काढायला निघाले.

“दादाकडं जातो,” मुकुंदा म्हणाला. “पण जाऊन म्हणू काय?”

“म्हणावं, दोर वळायचा आहे. उलटा पीळ घालायला ये.”