उरलेला संशय

"मी त्या दिवशी पिलो नव्हतो, हे आता कुणाला आन् कसं पटवून देऊ, बुवा?"

हरिबा भोई मठाच्या ओट्यावर चढलाच नव्हता. खाली पायरीशी उकिडवा बसला होता. गोदावरीच्या या उतारावर त्याच्या बापजाद्यांपासून नाव चालत आलेली. आता ती वाळूत पालथी पडून होती.

केशवभारती बुवा भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

उत्तर दिलं ते वामनराव टाकळकरांनी.

वामनराव तालुक्याचे नावाजलेले वकील. सुट्टीच्या दिवशी न चुकता मठात येत, बुवांच्या पायाशी बसत. पण तोंड उघडलं की आवाज कोर्टातलाच निघे. हरिबाचा खटला त्यांनीच लढवला होता, आणि जिंकलाही होता.

"तुला कुणालाच काही पटवून द्यायचं नाही," ते म्हणाले. "किती वेळा सांगू? शाबितीचा भार आरोप करणाऱ्यावर असतो. तू प्यायला होतास हे सरकार पक्षानं सिद्ध करायचं होतं. त्यांना ते जमलं नाही. कोर्टानं संशयाचा फायदा देऊन तुला निर्दोष सोडलं. विषय संपला."

"कोर्टात संपला, सायेब."

"मग?"

"सरकारनं तो भार तिथं खाली ठिवला. मी घरी आलो, तर माझ्या आधी येऊन दारात बसलेला."

बुवांचा हात शेंगेवर थांबला...

झालं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. वरच्या धरणाचं पाणी सुटलं, धारेला ओढ आली आणि हरिबाची नाव अर्धवट राहिलेल्या पुलाच्या खांबावर आदळली. त्यानं बुड्या मारमारून एकेकाला बाहेर काढलं. गयाबाई सुईण तेवढी हाती लागली नाही. अर्ध्या गावाची नाळ त्या बाईनं कापली होती. हरिबाचीसुद्धा.

मग कुणीतरी म्हणालं, त्याच्या तोंडाला वास येत होता.

त्या साक्षीदाराला वामनरावांनी कोर्टात असा पिंजून काढला, की वास नेमका कुणाच्या तोंडाला होता हेच त्याला सांगता येईना. पोलिसांनी वेळेवर तपासणीही केलेली नव्हती. ती उलटतपासणी आठवली की वामनरावांना अजून गुदगुल्या होत.

पण सुटून आलेल्या हरिबाच्या नावेत कुणी पाऊल ठेवलं नाही. लोक लांबच्या पुलावरून वळसा घालून जाऊ लागले.

"वामन," बुवा म्हणाले, "तू याला विचारलं होतंस का रे, प्यायला होतास का म्हणून?"

वामनराव हसले. "बुवा, वकील असं विचारत नसतो."

"का?"

"खरं उत्तर मिळालं तर पंचाईत होते."

बुवांनाही हसू फुटलं. त्यांनी मूठभर दाणे वामनरावांच्या ओंजळीत ओतले.

"खा... आणि आता विचार."

वामनराव गोरेमोरे झाले. त्यांनी हरिबाकडं पाहिलं. एवढा खटला चालला, पण या माणसाच्या डोळ्यांत आपण कधी पाहिलंच नव्हतं, हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं.

त्यांनी विचारायच्या आधीच हरिबा बोलला.

"नव्हतो पिलो, सायेब. गयाबाईची आण."

"बसला विश्वास?" बुवांनी विचारलं.

वामनरावांना 'हो' म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण जन्माची सवय आडवी आली.

"बुवा, आरोपीचा नुसता शब्द... म्हणजे, पुरावा म्हणून पाहिलं तर..."

हरिबानं मान खाली घातली.

बुवा रागावले नाहीत. एक शेंग फोडून त्यांनी सावकाश विचारलं, "संशय असला तर कायदा काय करतो?"

"आरोपीला सोडतो."

"बरं. आरोपी सुटला. आणि मागं उरलेला संशय? तो कुणी न्यायचा?"

वामनराव विचारात पडले. कलमामागून कलम त्यांनी मनात चाळलं...

"त्याची तरतूद नाही, बुवा," ते म्हणाले. आवाज पार खाली आला होता.

बुवा गुडघ्यांवर हात टेकून उठले. मांडीवरची टरफलं झटकली.

"हरिबा, नाव पाण्यात घाल."

"आं?"

"झिरपते का ती?"

"न्हाई बुवा. कुणी बसत न्हाई, पर दर आवसेला डांबर लावतोय."

"मग घाल की."

बाजाराचा दिवस होता. पाठीवर गाठोडी आणि डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं काठावरून लांबच्या पुलाच्या वाटेला लागली होती. हरिबानं नाव उलथून सरळ केली आणि पाण्यात लोटली, तशी ती माणसं जागच्या जागी उभी राहिली.

बुवा काठी टेकत पाण्यात उतरले. वामनराव धोतर सावरत मागून धावले.

"बुवा! तुम्हाला पोहता येत नाही!"

"तुला येतं?"

"नाही!"

"मग तू थांब इथंच."

बुवा नावेत चढले. नाव हलली तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी दोन्ही हातांनी कड धरली. वामनराव क्षणभर काठावर उभे राहिले. मग त्यांनी वहाणा फेकल्या आणि तेही चढले.

"बरं झालं आलास," बुवा पुटपुटले. "हात धर माझा. मला फार भीती वाटते रे पाण्याची."

भाजीची पाटी घेतलेली एक माळीण पुढं आली. तिनं बुवांकडं पाहिलं, हरिबाकडं पाहिलं, एक पाय पाण्यात घातला... आणि मागं घेतला.

नाव निघाली.

हरिबानं अर्धवट पुलाचा तो खांब लांबून टाळला. त्याच्या समोर आल्यावर वल्हं क्षणभर मांडीवर ठेवून पाण्याला हात जोडले. ओठ हलले, पण शब्द ऐकू आला नाही. वामनरावांनीही नकळत हात जोडले. तेवढ्यापुरता बुवांचा हात सुटला, तो त्यांनी घाईनं पुन्हा धरला.

धार लागली तसं हरिबाचं अंग सैल झालं. किती तरी दिवसांनी तो नीट श्वास घेत होता.

"बुवा," तो म्हणाला, "एक तुमचा तरी इस्वास बसला."

"कशावर?"

"मी पिलो नव्हतो, ह्याच्यावर."

"मला काय ठाऊक?" बुवा म्हणाले. "मी कुठं होतो त्या दिवशी?"

वल्हं थांबलं.

नाव धारेत आडवी होऊ लागली. वामनरावांनी डोळे मिटून घेतले. काठावरचं कुणीतरी ओरडलं.

"मग बसलात कशापायी?" हरिबाचा आवाज फाटला. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्याला भान नव्हतं. "सांगा की बुवा... कशापायी बसलात?"

बुवांनी नावेची कड सोडली. तोच हात त्यांनी हरिबाच्या गुडघ्यावर ठेवला.

"अरे, मला पलीकडं जायचंय."