पुढचे पाय, मागचे पाय

बांबूच्या टोकाला टांगलेला कोबीचा गड्डा.

कागदी सिंहाच्या कपाळावर आरसा. त्यात स्वतःचे तोंड बघून भूत पळते म्हणतात.

"पिलाजीराव, पुढं काय दिसतंय?" मागच्या पायांनी विचारले.
"तू चाल रे!"

एका जंगलात सिंह नव्हता.

सिंह नाही, म्हणजे नव्या वर्षाला वर्षासुर नावाचा राक्षस येणार, अशी भीती होती. मग चीनकडून आलेल्या करकोच्याला विचारून प्राण्यांनी तिकडची रीत उचलली. बांबू-कागदाचे सिंहाचे डोके, मागे रंगीत कापड, आत दोघे. पुढे पिलाजीराव कोल्हा, मागे वाकून गेनबा गाढव. ढोल वाजला की सिंह दारोदार नाचायचा, दारावरचा गड्डा तोंडात घ्यायचा आणि चार पाने प्रजेवर उधळायचा.

"माझ्यावर पडलं! वर्ष चांगलं जाणार!" प्रजा नाचायची. गड्डा प्रजेचाच असे.

यंदा ठकूबाई सशिणीकडे एकच गड्डा उरला होता आणि घरभर पिल्ले होती. सिंहाचे फर्मान होते म्हणून तिने तो दारावर टांगला. पण एक पान तोडून कापडाखाली गेनबाच्या नाकाशी धरले.

"भावजी, इतकी वर्षं नाचताय. चव तरी पाहिलीत का?"

"वास येतो, वहिनी."

गेनबा पानाकडे वळला. पिलाजीराव गड्ड्याकडे ओढत राहिले. कापड टर्रकन फाटले.

ढोलवाल्या अस्वलाने जाहीर केले, "सिंहाचा विस्तार झाला आहे!"

"जिथं डोकं, तिथं सिंह!" पिलाजीराव गरजले.

गेनबा प्रथमच सरळ उभा राहिला. समोर वळलेल्या डोक्यावरच्या आरशात त्याने स्वतःला पाहिले आणि त्याला राजा दिसला. "पाठ आमची, सिंह आमचा!"

खरा सिंह कोणता, म्हणजेच गड्डा कोणाचा, हे ठरवायला घुबड बसले. ते दिवसा निकाल देत नाही आणि रात्री कामात असते. तोवर मतदान घेतले. शेपटीला प्रचंड बहुमत मिळाले, कारण तिला तोंड नव्हते. "हा खाणारच नाही!" ही घोषणा फार गाजली.

गेनबाने पहिले फर्मान काढले: शेपटीला तोंड बसवा.

मग दोन्ही सिंह वाजतगाजत पुन्हा ठकूबाईच्या दारी आले. बांबूला नुसती दोरी हलत होती. आत पिल्ले ढेकर देत होती.

"गड्डा कुठाय गं?"

"पानं प्रजेवर उधळली, महाराज," ठकूबाई म्हणाली. "रीतच आहे ना?"

वर्षासुर त्या जंगलात एकदाच आला होता, ढोल येण्याच्या कितीतरी आधी. ओढ्यावर पाणी प्याला आणि गेला.